फूटस्विच विकताना: आधी तपासणी, मग सौदा



गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचा फूटस्विच म्हणजे पायाने दाबायचे बटण. वादकाचे दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून आवाज स्वच्छ ठेवायचा की खरखरीत करायचा, हे तो पायाने ठरवतो. ही वस्तू हरवते, तिची वायर तुटते, आणि गिऱ्हाईक येऊन म्हणते, "असाच एक द्या." फसगत होते ती इथेच. कापडाचा रंग जुळला म्हणून पोत जुळतोच असे नाही. चुकीचा माल दिला तर तो परत येतो आणि वादकाचा कार्यक्रम बिघडतो तो वेगळाच.

सौदा करण्यापूर्वी तीन गोष्टींची खातरजमा करावी.

पहिली, पिन. बहुतेक ठिकाणी पाव इंची, म्हणजे ६.३५ मि.मी.चा जॅक असतो. एका बटणाला मोनो जॅक पुरतो. दोन बटणांना सहसा स्टिरिओ लागतो. फेंडर कंपनीच्या १९६० च्या दशकातील डिलक्स रिव्हर्बला मात्र आरसीए पिना लागतात. पाच-सात काट्यांची गोल पिन असेल तर अंदाजाने काही देऊ नये. मॉडेल नंबर पाहूनच माल मागवावा.

दुसरी, बटणाची जात. एक जात दाबली की तशीच राहते, पुन्हा दाबल्यावर सुटते. दुसरी पाय उचलताच सुटते. कीबोर्डचे सस्टेन पॅडल या दुसऱ्या जातीचे. त्याचा जॅक बसतो म्हणून ते पहिल्या जातीच्या जागी दिले, तर वादकाला सारे गाणे पाय दाबून उभे राहावे लागेल.

तिसरी, दिवा. जुन्या फूटस्विचवर दिवा असेल तर आतील जोडणी वेगळी असू शकते. ती पाहिल्याशिवाय नवा जोडू नये.

जुना फूटस्विच हरवला असेल तर साध्या मोनो जॅकसाठी एक सोपी परीक्षा आहे. गिटारची वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या 'फूटस्विच' लिहिलेल्या भोकात घालावी. दुसऱ्या बाजूच्या जॅकचे टोक व दांडा तारेच्या तुकड्याने जोडावेत. जोडलेले असेपर्यंतच आवाज बदललेला राहिला, तर पहिली जात हवी. तार काढल्यावरही बदल टिकला, तर दुसरी. मात्र वायर चुकून स्पीकरच्या भोकात गेली तर अ‍ॅम्प्लिफायर जळू शकतो. अ‍ॅम्प्लिफायर उघडूही नये. व्हॉल्व्हच्या यंत्रात बंद केल्यावरही जीवघेणा विद्युतदाब राहू शकतो.

कित्येकदा दोष यंत्रात नसतोच. वर सांगितलेल्या जुन्या डिलक्स रिव्हर्बमध्ये फूटस्विच नसला तरी रिव्हर्ब चालतो, पण व्हायब्रेटो चालत नाही. मालकाला वाटते, यंत्र बिघडले. अशा वेळी दुरुस्तीचे पैसे घेण्याआधी फूटस्विच लावून पाहावा.

साधा फूटस्विच कारागीर स्वतःही बनवू शकतो. पत्र्याची डबी, मजबूत बटण, जॅक आणि शील्ड असलेली वायर एवढेच सामान लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारात ते सुटे मिळते. बटणाचे एक टोक जॅकच्या टोकाला, दुसरे शील्डला जोडावे.

दहा मिनिटांची तपासणी गिऱ्हाइकाचे पैसे वाचवते. असे गिऱ्हाईक पुढच्या वेळी दुसऱ्या दुकानाची पायरी चढत नाही.