पूर ओसरल्यानंतरचे सहा आठवडे : आपत्ती निधी, गावाचा आराखडा आणि भातावरील किडी

पुराचे नुकसान मोजण्याची आपली रीत पाण्याशी बांधलेली आहे. पाणी किती चढले, किती दिवस राहिले, किती क्षेत्र बुडाले, याची नोंद होते आणि पाणी उतरले की वही मिटते. कीटकशास्त्राच्या अभ्यासकाचे काम बहुधा त्यानंतर सुरू होते. ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात भातपिकावर पुराचा दुसरा घाव पाणी उतरल्यानंतरच्या दोन ते सहा आठवड्यांत बसतो. या दुसऱ्या घावासाठी शासकीय निधीत जागा आहे का आणि असल्यास गावाने तिचा उपयोग कसा करावा, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

राष्ट्रीय बाढ आयोगाच्या अंदाजानुसार आसामचे ३१.०५ लाख हेक्टर क्षेत्र, म्हणजे राज्याच्या भूभागापैकी सुमारे ४० टक्के, पूरप्रवण आहे. तेथील मुख्य पावसाळी भाताला ‘साली’ म्हणतात. जून-जुलैमध्ये रोपवाटिका, ऑगस्टच्या मध्यापर्यंत लावणी आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये कापणी असा त्याचा क्रम असतो. पुराच्या लाटा जून ते सप्टेंबर या काळात एकापाठोपाठ येतात. त्यामुळे रोपवाटिका वाहून जाणे, पुन्हा पेरणे आणि लावणी लांबणे हे ठरलेलेच. लावणी फार लांबली तर फुलोरा नोव्हेंबरच्या थंडीत सापडतो आणि दाणे पोचट राहतात. शेतकऱ्याच्या हाती उरलेला काळ असा मोजका असतो. नेमक्या त्याच काळात अळी येते.

अळी पुरानंतरच का?

झुंडीने फिरणारी लष्करी अळी (स्पोडोप्टेरा मॉरिशिया) ही या प्रश्नातील मुख्य कीड होय. तिचा पतंग पानांवर पुंजक्याने अंडी घालतो आणि ती केसाळ आवरणाने झाकतो. अंडी केवळ भातावरच नव्हे, तर बांधावरील गवतावरही घातली जातात. पुराचे पाणी शेतात साचते तेव्हा जमिनीलगत वावरणारे मुंग्या, कोळी, भुंगेरे हे अळीचे नैसर्गिक शत्रू बुडतात किंवा पांगतात. पतंग मात्र उडून जाऊ शकतो. पाणी उतरताच गाळावर कोवळे गवत उगवते आणि शेजारीच दुबार पेरलेली रोपे असतात. खाद्य मुबलक आणि शत्रू विरळ, अशा स्थितीत एका पिढीतच संख्या भरमसाट वाढते. अळ्या दिवसा रोपांच्या बुडख्यात किंवा ढेकळांखाली दडतात, रात्री पाने खातात आणि एक शेत संपले की दुसऱ्याकडे सरकतात. २०१६ साली पूर ओसरल्यानंतर आसामच्या अनेक जिल्ह्यांत असाच उद्रेक झाला होता.

इतर किडींचा उल्लेख थोडक्यात करतो. साचलेल्या पाण्यात सुरळीतील अळी फोफावते. कोकणातील वाचकांना परिचित असलेले निळे भुंगेरे, म्हणजे हिस्पा, आसामातही कोवळ्या पिकाचे मोठे नुकसान करतात. हिस्पाची अंडी पानांच्या शेंड्यात असल्याने लावणीपूर्वी रोपांचे शेंडे छाटण्याची शिफारस केली जाते. परंतु पुरानंतर जिवाणूजन्य करपा बळावतो आणि छाटलेल्या जखमेतून तो पसरतो. म्हणून करपा दिसत असलेल्या गावात शेंडे छाटू नयेत, असे माझे मत आहे.

निधी कोठे आहे?

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये राज्यांना दोन निधी आहेत : प्रतिसादासाठी एक व सौम्यीकरणासाठी, म्हणजे धोका आधीच कमी करण्यासाठी, दुसरा. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ या कालावधीसाठी राज्यांकरिता एकूण १,६०,१५३ कोटी रुपयांची शिफारस केली. त्यातील २० टक्के वाटा सौम्यीकरणाचा आहे. उरलेल्या ८० टक्क्यांची विभागणी एकूण रकमेच्या प्रमाणात अशी : मदत व प्रतिसाद ४०, पुनर्प्राप्ती व पुनर्बांधणी ३० आणि पूर्वतयारी व क्षमताबांधणी १०. ईशान्येकडील व हिमालयीन राज्यांसाठी केंद्राचा हिस्सा ९० टक्के, तर महाराष्ट्रासह इतर राज्यांसाठी ७५ टक्के आहे.

दोन बाबी मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली अशी की, या निधीस पात्र असलेल्या बारा अधिसूचित आपत्तींच्या यादीत पुराबरोबर ‘कीड प्रादुर्भाव’ हीदेखील आपत्ती आहे. दुसरी बाब मदतीच्या निकषांची. २०२२ मध्ये लागू केलेल्या निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक पीकहानी झाल्यास दोन हेक्टरांच्या मर्यादेत निविष्ठा अनुदान मिळते. जिरायतीसाठी ते हेक्टरी ८,५०० रुपये आणि बागायतीसाठी १७,००० रुपये आहे. शेतात तीन इंचांहून अधिक वाळू वा गाळ साचल्यास तो काढण्यासाठी हेक्टरी १८,००० रुपयांची तरतूद आहे. धेमाजी, लखीमपूरसारख्या वाळू पसरणाऱ्या जिल्ह्यांत ती मोलाची ठरते. मात्र ज्याची रोपवाटिका अळीने खाल्ली आणि म्हणून लावणीच झाली नाही, त्या शेतकऱ्याचे नुकसान या टक्केवारीत सहज बसत नाही. शिवाय अनुदान मंजूर होईपर्यंत लावणीचे दिवस निघून गेलेले असतात. म्हणून मदतीच्या ४० टक्क्यांकडे डोळे लावण्यापेक्षा पूर्वतयारीच्या १० टक्क्यांसाठी आणि सौम्यीकरणाच्या २० टक्क्यांसाठी गावाने आग्रह धरावा.

अर्थात हा निधी थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात येत नाही. तो राज्याच्या कार्यकारी समितीमार्फत जिल्ह्यापर्यंत पोहोचतो. पंचायतीच्या हाती वित्त आयोगाचे स्वतंत्र अनुदान असते. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१-२६ साठी त्यातील ६० टक्के पाणीपुरवठा व स्वच्छतेसाठी बांधलेले, तर ४० टक्के अबंधित ठेवले. अबंधित रक्कम अकराव्या अनुसूचीतील विषयांवरील स्थानिक गरजांसाठी वापरता येते आणि त्या अनुसूचीतील पहिलाच विषय कृषी आहे. (सहाव्या अनुसूचीखालील स्वायत्त क्षेत्रांत पंचायत व्यवस्था नाही, तेथे हा मार्ग वेगळा.)

आराखड्यात काय लिहावे?

ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावरील एका गावात आपत्ती आराखड्याची वही मला पाहायला मिळाली. नावा, ताडपत्र्या, तांदूळ, डाळ, ब्लीचिंग पावडर या साऱ्यांची तीत चोख नोंद होती. भाताच्या बियाण्याची एकही ओळ नव्हती. तेथील एका वृद्ध शेतकऱ्याचे म्हणणे असे होते की, पाणी त्यांच्या ओळखीचे आहे, ते येताना दिसते. अळी मात्र रात्रीत येते आणि सकाळी रोपांच्या जागी काड्या दिसतात.

बियाण्याची ओळ कशी असावी? आसाम कृषी विद्यापीठाच्या ‘रणजित सब-१’ व ‘बहादूर सब-१’ या जाती सुमारे दोन आठवडे पाण्याखाली तग धरतात. ‘गीतेश’ आणि ‘प्रफुल्ल’ यांची साठ दिवसांपर्यंतची रोपे लावता येतात. पूर फारच लांबला तर ‘लुइत’सारखी सुमारे शंभर दिवसांची जात थेट पेरता येते. या तिन्ही प्रकारांचे थोडे-थोडे बियाणे गावात आधीच असले पाहिजे. सामुदायिक रोपवाटिकेसाठी उंच जागा राखून ठेवावी. तीही न मिळाल्यास दापोग पद्धतीने अंगणात केळीच्या पानांवर वा प्लॅस्टिकवर दोन आठवड्यांत रोपे तयार होतात. भारतीय कृषी अनुसंधान परिषदेच्या २०११ पासूनच्या ‘निक्रा’ प्रकल्पातील गावांत ग्राम हवामान जोखीम व्यवस्थापन समित्या अशी कामे पाहतात आणि अवजारांच्या भाड्यातून स्वतःचा फिरता निधी उभारतात. ही रचना अन्य गावांनीही उचलण्याजोगी आहे.

कीड व्यवस्थापनाचा खर्च त्यामानाने किरकोळ आहे : एक-दोन प्रकाश सापळे, पक्षीथांबे, बांधावरील गवत काढण्याची मजुरी आणि पाणी उतरल्यापासून सहा आठवडे रोज संध्याकाळी रोपवाटिका पाहणाऱ्या दोन तरुणांचे मानधन. अळी आढळल्यास रोपवाटिकेत पाणी भरून बदके सोडावीत. तरंगणाऱ्या अळ्या ती वेचून खातात आणि मिसिंग समाजाच्या गावांत बदके घरोघरी असतात. शेजारच्या शेतातून झुंड येत असेल, तर मध्ये चर खणून तो पाण्याने भरावा. आपत्कालीन खरेदीत पहिले नाव कीटकनाशकाचे असते. ते यादीत शेवटी असावे. पूरक्षेत्रातील शेताचे पाणी मासळीच्या बिलांना मिळते आणि ती मासळी हेच त्या दिवसांत अनेक घरांचे अन्न असते. फवारणी टाळता येणारच नसेल, तर ती सायंकाळी, फक्त प्रादुर्भावाच्या पट्ट्यात करावी. फवारलेल्या शेतात बदके सोडू नयेत.

पंचायत विकास आराखड्याची लोकमोहीम दरवर्षी २ ऑक्टोबरच्या सुमारास सुरू होते. तोपर्यंत अळीचा हंगाम सरलेला असतो आणि सभेत रस्ता व नळ यांचीच चर्चा होते. तेव्हा रोपवाटिका पाहणाऱ्या तरुणांनी ठेवलेली नोंद त्या ग्रामसभेत मांडावी : पाणी कोणत्या तारखेला उतरले, अळी कितव्या दिवशी दिसली, किती रोपवाटिका गेल्या, दुबार बियाणे कोठून व कोणत्या भावाने आणावे लागले. याच नोंदीची एक प्रत जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाकडे आणि एक कृषी विज्ञान केंद्राकडे, पुढील अर्थसंकल्पाच्या आधी पोहोचली पाहिजे.