दृष्टी जपू या : डोळ्यांचे सामान्य विकार व वेळीच उपचार

निवासी शाळेत मुलांच्या सहवासात राहताना एक गोष्ट आम्हांला वारंवार आढळली आहे. फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल तशी तक्रार सहसा करीत नाही. सर्वांनाच असे अंधुक दिसते, असा त्याचा समज असतो. ते शेजाऱ्याच्या वहीतून उतरवून घेते, हळूहळू मागे पडते आणि आपण त्याला 'ढ' ठरवून मोकळे होतो. एका विद्यार्थ्याच्या बाबतीत ही चूक आमच्याच हातून घडली. चष्मा मिळाल्यावर "झाडाची पाने सुटी सुटी दिसतात" असे तो हरखून म्हणाला, तेव्हा आम्ही ओशाळलो.

हा दोष म्हणजे निकटदृष्टिता. नेत्रगोल लांबट झाल्याने प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडे पडते; अंतर्गोल भिंगाच्या चष्म्याने ती योग्य जागी येते. 6 मीटरवरून अक्षरांचा तक्ता वाचून घेणे, ही त्याची साधी तपासणी होय. तिरळेपणा मात्र 'मोठेपणी जाईल' म्हणून सोडू नये. मेंदू त्या डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो व तो 'आळशी' बनतो. चष्मा आणि चांगल्या डोळ्यावर काही तास पट्टी, हा उपचार लहान वयातच अधिक गुणकारी ठरतो.

वृद्धांमध्ये मोतीबिंदू सर्वाधिक आढळतो. डोळ्यातील पारदर्शक भिंग गढूळ होते. ते थेंबांनी निवळत नाही. 'पिकू द्या, मग पाहू' हा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. अतिपक्व मोतीबिंदूने डोळ्यातील दाब वाढण्याचा धोका असतो. मिरजेत डॉ. विल्यम वॉन्लेस यांनी 1894 मध्ये मिशन रुग्णालय उभारले, त्या काळी शस्त्रक्रियेनंतर जाड भिंगाचा चष्मा अटळ होता. आज कृत्रिम भिंग डोळ्यातच बसवतात. 1976 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमामुळे शासकीय रुग्णालयांत ही शस्त्रक्रिया विनामूल्य होते.

काचबिंदूचे नाव मोतीबिंदूसारखे, पण स्वभाव वेगळा. बहुधा तो दुखत नाही. डोळ्यातील वाढत्या दाबाने दृष्टीची नस झिजते व नजर कडेकडून आक्रसते. गेलेली दृष्टी परत येत नाही, उरलेली तेवढी राखता येते. म्हणून चाळिशीनंतर, विशेषतः घरात कुणाला काचबिंदू असल्यास, दाब व नस यांची नियमित तपासणी करावी आणि दिलेले थेंब मनाने बंद करू नयेत.

मधुमेहाविषयी आपण अधिक सावध असावे. साताऱ्याच्या शाळेत 7 नोव्हेंबर 1900 रोजी ज्यांचे नाव दाखल झाले, त्या बाबासाहेबांना उत्तरायुष्यात मधुमेहाने ग्रासले होते. त्यांची दृष्टीही क्षीण झाली होती. तरीही त्यांनी लेखन सोडले नाही. आज मात्र मधुमेही व्यक्तीने वर्षातून एकदा बाहुली मोठी करून दृष्टिपटल तपासून घेतल्यास, लेसर किंवा इंजेक्शनने बरीचशी दृष्टी वाचवता येते.

आपला मुलूख उसाचा. पाचटाचे पाते डोळ्यास लागले, तर तूप, दूध किंवा दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे थेंब मुळीच घालू नयेत. अशा जखमेत बुरशी वाढून फूल पडते. स्वच्छ पाण्याने डोळा धुऊन, न चोळता, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठावा. फूल पडून दृष्टी गेलेल्या अनेकांना नेत्ररोपणाने पुन्हा दिसू शकते. त्यासाठी मृत्यूनंतर साधारणतः 6 तासांच्या आत नेत्रदान व्हावे लागते. त्या घडीला नातलगांची संमती हवी, म्हणून आपली इच्छा घरात आधीच बोलून ठेवावी.

माजी विद्यार्थ्यांना आमची एकच विनंती. या वेळी गावी जाल, तेव्हा आई-वडिलांना एक एक डोळा झाकून भिंतीवरचे कॅलेंडर वाचायला सांगा. ज्यांनी स्वतः निरक्षर राहून तुम्हांला अक्षर दाखविले, त्यांना कदाचित अक्षर वाचता येणार नाही. तेव्हा दूर धरलेल्या हाताची बोटे मोजू द्या. आणि मोजताना ते चुकले, तर दुसऱ्याच दिवशी त्यांना दवाखान्यात घेऊन जा.