विरजण लावायचं राहिलं आणि झोप उडाली

प्रश्न : दिवसभरात वीस कामं उरकते. रात्री अंथरुणाला पाठ टेकली की त्यातलं एकही आठवत नाही, राहिलेलं तेवढं डोक्यात घुमत राहतं. लाईटबिल भरायचं राहिलं, नणंदेला फोन करायचा राहिला, विरजण लावायचं राहिलं! असं का होतं? त्यावर काही उपाय?
– एक वाचिका, मिरज

उत्तर : शंभर वर्षांपूर्वी बर्लिनमधल्या एका विद्यार्थिनीने जवळजवळ याच प्रश्नावर पीएच.डी. केली. तिचं नाव ब्लूमा झायगार्निक, गुरू कुर्ट लेविन. सांगतात असं, की तिथल्या कॅफेतला वेटर कुठल्या टेबलावर काय दिलं ते कागदावर न टिपता चोख सांगायचा. बिल चुकतं झालं, की तेच गिऱ्हाईक काय खाऊन गेलं ते त्याला आठवेना.

गोष्ट खरी की रंगवलेली, कोण जाणे. प्रयोग मात्र झाला. झायगार्निकने माणसांना मातीच्या आकृत्या, पुठ्ठ्याची खोकी, कोडी, गणितं अशी वीसेक छोटी कामं दिली. निम्मी पुरी करू दिली आणि निम्मी ऐन रंगात आली असताना हातातून काढून घेतली. मग विचारलं, ‘काय काय केलंत?’ अर्धवट कामं पुऱ्या झालेल्या कामांच्या जवळपास दुप्पट आठवली. १९२७ साली हे छापून आलं आणि पुढे पाठ्यपुस्तकांत जाऊन बसलं.

पण नंतर इतरांनी तेच प्रयोग केले, तेव्हा कधी तसं आढळलं, कधी नाही. २०२५ मध्ये अशा अनेक प्रयोगांची एकत्र पडताळणी झाली, त्यात अर्धवट काम जास्त लक्षात राहतं हा नियम टिकला नाही. टिकला तो लेविनच्याच दुसऱ्या विद्यार्थिनीचा, मारिया ओव्हसियानकिनाचा. १९२८ मध्ये तिने दाखवलं होतं, की काम मध्येच थांबवून माणसाला मोकळं सोडलं, तर कुणी न सांगताही त्याचा हात पुन्हा त्याच कामाकडे जातो. थोडक्यात, लाईटबिल तुम्हाला जास्त आठवतं असं नाही, ते तुम्हाला ओढत असतं. रात्री अकरा वाजता त्या ओढीला करायला काही नसतं, म्हणून ती डोक्यात फिरत बसते.

आता उपाय. २०११ मध्ये मासिकाम्पो आणि बाउमायस्टर या संशोधकांना दिसलं, की राहिलेलं काम वाचनात सारखं मध्ये येतं, पण ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं की लुडबूड थांबते. काम झालेलं नसतं, नुसतं ठरलेलं असतं, तरी मन तेवढ्यावर राजी होतं. उधारीसारखंच आहे हे. पैसे आज नसले तरी चालतात, वायद्याची तारीख पक्की हवी.

२०१८ मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात अमेरिकेतल्या बेलर विद्यापीठात ५७ तरुणांना झोपेच्या प्रयोगशाळेत ठेवलं होतं. निजण्यापूर्वी पाच मिनिटं निम्म्यांनी पुढच्या काही दिवसांत करायची कामं लिहिली, निम्म्यांनी उरकलेली. करायची कामं लिहिणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. ज्यांची यादी जास्त तपशीलवार, ते आणखी लवकर झोपले.

म्हणून उशाशी वही-पेन ठेवा. मोबाइल नको, त्यात यादी राहील बाजूला. नुसतं ‘बिल’ लिहू नका. ‘बिल, उद्या दहा वाजता, चहा झाल्यावर’ असं लिहा. एवढं करूनही आठवडेच्या आठवडे झोप लागत नसेल, तर वहीवर विसंबू नका, डॉक्टरांना दाखवा.

आणि हो, विरजण यादीत घालू नका. ते सकाळवर ढकलता येत नाही. उठा, दूध कोमट करा, लावून या.