भट्टीच्या पट्ट्याची गती कशी मोजावी?

बिस्किटांच्या कारखान्यात कच्चा माल भट्टीत शिरतो तो पोलादी पट्ट्यावरून. भट्टीची लांबी ३० मीटर आणि पट्ट्याची गती मिनिटाला ६ मीटर असेल, तर माल ५ मिनिटे आचेत राहतो. गती प्रत्यक्षात ५.४ मीटर असेल, तर हाच काळ साडेपाच मिनिटांवर जातो आणि माल करपतो. फलकावर मात्र ६ चाच आकडा दिसत असला, तर दोष भट्टीवरील कामगाराच्या माथी येतो. तेव्हा गतिमापन ही केवळ अभियंत्याच्या हौसेची बाब नव्हे.

या कामासाठी एन्कोडर हे उपकरण वापरतात. त्यातील चकतीवर बारीक फटी असतात. चकती फिरू लागली की फटींतून पडणारा प्रकाश खंडित होत जातो व प्रत्येक फटीमागे विजेचा एक स्पंद मिळतो. एका फेऱ्यात १,००० स्पंद देणारा एन्कोडर २०० मिलिमीटर परिघाच्या चाकाला जोडला, तर एक स्पंद म्हणजे पट्ट्याची ०.२ मिलिमीटर चाल होय. हे चाक पट्ट्यावरच टेकलेले असावे, तेही भट्टीबाहेर, जेथे उष्णता पोहोचत नाही. पुष्कळ ठिकाणी एन्कोडर मोटारीच्या दांड्यावर बसवितात. ते सोपे खरे. परंतु पट्टा ढोलावर घसरू लागला तरी मोटार आपल्या गतीने फिरतच राहते आणि घसरण कोणाच्या ध्यानी येत नाही.

मिनिटाला ६ मीटर गतीस सेकंदाला ५०० स्पंद येतात, म्हणजे दर २ मिलिसेकंदांनी एक. औद्योगिक नियंत्रक, म्हणजे पी.एल.सी., आपला कार्यक्रम पुनःपुन्हा वाचीत असतो. एका वाचनास १० मिलिसेकंद लागत असतील, तर तेवढ्यात पाच स्पंद येऊन जातात. साध्या प्रवेशद्वारावर ते मोजले जाणे अशक्यच. त्यासाठी नियंत्रकात स्वतंत्र शीघ्र गणक असतो. तारा तेथेच जोडाव्या लागतात.

आता खरी मेख पुढे आहे. दर १०० मिलिसेकंदांनी गणक वाचला तर ५० स्पंद मिळतात. एका स्पंदाचा फरक पडला तरी २ टक्के चूक होते. पट्टा सुरू होताना गती मिनिटाला ०.६ मीटर असेल, तर पाचच स्पंद मिळतात आणि तीच चूक २० टक्क्यांवर जाते. मोजण्याचा अवधी एक सेकंद केल्यास चूक दहापट घटते, मात्र आकडा उशिरा बदलतो. मंद गतीस म्हणून उलट मार्ग धरावा: स्पंद न मोजता दोन स्पंदांमधील वेळ मोजावा. ०.६ मीटर गतीस तो २० मिलिसेकंद भरतो आणि मायक्रोसेकंदाच्या घड्याळाने तो अतिशय अचूक मिळतो. या रीतीत एकच खोड आहे. पट्टा थांबला की पुढचा स्पंद येतच नाही आणि जुनाच आकडा फलकावर राहतो. ठरावीक काळ स्पंद न आल्यास गती शून्य मानावी, अशी सूचना कार्यक्रमात हवीच.

अवधीही काटेकोर असावा. वाचन लांबून १०० ऐवजी १०८ मिलिसेकंद झाले, तर गती ८ टक्के अधिक दिसते. म्हणून गणक वाचण्याचे काम नियंत्रकाच्या कालबद्ध व्यत्ययाकडे सोपवावे. गणकाच्या मर्यादेचाही विचार करावा. ३२ अंकस्थानांचा चिन्हयुक्त गणक २,१४,७४,८३,६४७ पर्यंत जातो. अखंड चालणाऱ्या पट्ट्यावर ही मर्यादा सुमारे ५० दिवसांत गाठली जाते आणि गणक ऋण संख्येवर उडी घेतो. कार्यक्रमात याची तरतूद नसेल, तर एखाद्या रात्री अचानक अशक्य गती दिसू लागते.

एन्कोडरच्या दोन्ही वाहिन्या जोडाव्यात. त्यांतील पुढेमागेपणावरून दिशा कळते; एरवी थांबलेल्या पट्ट्याची थरथरदेखील गती म्हणून मोजली जाते. तारा संरक्षक जाळीच्या असाव्यात व मोटारीच्या तारांपासून दूर न्याव्यात.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते चाक. ते झिजते, आणि झिजलेले चाक अधिक फेरे घेत असल्यामुळे फलकावरील गती खरीपेक्षा जास्त दिसते. तपासणी अवघड नाही. थंड पट्ट्यावर पोलादी फितीने १० मीटर अंतराच्या दोन खुणा कराव्यात, पहिली खूण सांगाड्यावरील एखाद्या स्थिर निशाणीसमोर आणावी आणि दुसरी तेथे येईपर्यंत पट्टा सावकाश चालवावा. ५०,००० स्पंद यावयास हवेत. ५०,८०० आले, तर चाकाचा व्यास सुमारे एक मिलिमीटरने झिजला आहे असे समजावे आणि चाक बदलेपर्यंत नियंत्रकात एका स्पंदाची चाल ०.२ ऐवजी ०.१९६९ मिलिमीटर भरावी. ही नोंद तारखेसह भट्टीवरील वहीत ठेवावी, म्हणजे पाळीवर येणाऱ्या प्रत्येकास ती पाहता येईल.