मुलगा पुढारी, मुलगी तोंडाळ?

आई-बाबांनो, शनिवारी बारामतीजवळच्या कन्हेरीच्या मारुतीला गेलात तर देवळाबाहेर जरा कान द्या. पाच-सहा वर्षांचा मुलगा अखंड बोलत असला, की कुणीतरी कौतुकानं म्हणतं, "पुढारी होणार गडी!" साहजिकच आहे. पवार घराण्याच्या प्रचाराचा नारळ वर्षानुवर्षं याच देवळात फुटतो. पण तेवढंच बोलणारी मुलगी असली, की लगेच, "लई तोंडाळ हाय, सासरी कसं व्हायचं?"

फार बोलणाऱ्याला नावं ठेवायला आपल्याकडे शब्दांचा तोटा नाही. बडबड्या म्हणताना त्यात लाड असतो, वाचाळ म्हणताना ठपका. तोंडाळ उलट उत्तर देतो, आगाऊ पायरी सोडून बोलतो, चोंबडा इकडचं तिकडं करतो. मुद्द्यावर न येणाऱ्यानं गुऱ्हाळ लावलेलं असतं. हे सगळे दोष एक नव्हेत, मग सगळ्यांना "गप बस" हा एकच उपाय कसा चालेल?

मुलगी "पण का?" विचारते, तो तोंडाळपणा नव्हे. उत्तर द्या, येत नसेल तर "उद्या बाईंना विचारू" म्हणा. गुऱ्हाळ लांबलं तर "मग शेवटी काय झालं?" एवढंच विचारा. मध्येच तोंड घातलं तर "आजीचं होऊ दे, मग तू" म्हणा, आणि आजीचं झाल्यावर आठवणीनं लेकराला बोलू द्या. चोंबडेपणा मात्र पोरं बहुधा आपल्याच ओट्यावर शिकतात. तिथं आधी आपली जीभ आवरा.

उठता-बसता तोंडाळ ठरवलेली मुलगी मोठी होता होता घरात बोलायचीच बंद होऊ शकते. मग शाळेच्या वाटेवर कुणी त्रास दिला, तरी ती सांगायची नाही. ती शांतता आपल्याला परवडणारी नाही.

बारामतीला बोलण्याचं वावडं कधीच नव्हतं. कवी मोरोपंतांनी अठराव्या शतकात बारामतीकर नाईकांच्या पदरी राहून इथंच पुराण सांगितलं. आणि 2009 पासून लोकसभेत बारामतीच्या वतीनं बोलतात त्या सुप्रिया सुळे, एक बाईच.

तेव्हा रागवायचं तर त्या वेळच्या वागण्यावर रागवा, लेकराला नाव चिकटवू नका. आणि मुलाला पुढारी म्हणणार असाल, तर मुलीलाही म्हणा.