एमडीला परवानगी द्यावी का?

प्रश्न : २०२४ मध्ये आमच्या कवठेमहांकाळ तालुक्यात इरळीला एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाचा कारखाना सापडला. बंदी असून हे चालते, मग कायदेशीरच का करू नये? माझा भाचा एमडी घेतो, पण पोलिसांच्या भीतीने आम्ही त्याला उपचाराला नेलेले नाही.

उत्तर : एमडी दुकानात विकायला माझा ठाम विरोध आहे. दारू परवान्यावरच विकली जाते. तरीही तिने उजाड केलेली घरे आपल्याकडे गावोगाव आहेत. पण व्यसनी माणसाला तुरुंगात टाकणेही मला मान्य नाही. पोर्तुगालने २००१ मध्ये स्वतःपुरता साठा बाळगणे फौजदारी गुन्ह्यातून वगळले. विक्री गुन्हाच ठेवली आणि उपचार वाढवले. मागणी घटते ती उपचारानेच. कारखाना उद्ध्वस्त केला तरी तलफ उरतेच, आणि नवा विक्रेता तिच्यापर्यंत पोहोचतो.

आपल्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्यातही कलम ६४-अ आहे. सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्या गुन्ह्यासाठी खटल्यातून सूट मिळते. उपचार अर्धवट सोडले तर ती काढून घेता येते. म्हणून थांबू नका. साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी सुरू केलेले ‘परिवर्तन’ व्यसनमुक्ती केंद्र आहे. १४४४६ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर आजच बोला. भाच्याला न रागावता सोबत बसवा.