नेमक्या गरजेचे नेमके पाठ

मध्य प्रदेशात मुलताईजवळ उगम पावणारी तापी खानदेशाची भूमी ओलांडून सुरतेपाशी समुद्राला मिळते. तिच्या मुखाशी, उजव्या तीरावर हजीरा वसले आहे. मुंबईजवळच्या समुद्रातून काढलेला नैसर्गिक वायू येथे किनाऱ्यावर येतो. खत व पोलाद यांचे मोठे कारखाने येथे आहेत आणि त्यांत निरनिराळ्या राज्यांतील लोक काम करतात. नंदुरबार, धुळे व जळगाव या जिल्ह्यांतील अनेक कुटुंबेही कामधंद्यासाठी सुरत परिसरात गेली आहेत. सुरत-भुसावळ रेल्वेमार्गाने त्यांची ही वाट सोपी केली.

या कुटुंबांतील मुलांपुढे एक लहानशी, परंतु नेमकी अडचण असते. सुरत महानगरपालिका मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळा चालविते. तथापि 2023 साली गुजरात विधानसभेने संमत केलेल्या कायद्यानुसार पहिली ते आठवीपर्यंत गुजराती भाषा शिकविणे सर्व शाळांना बंधनकारक झाले. धुळ्याच्या शाळेतून चौथी उत्तीर्ण झालेला मुलगा हजीऱ्यास आला, तर त्याला गणित येते, वाचता येते. मात्र फळ्यावरील गुजराती अक्षर अनोळखी वाटते. वर्गात तो गप्प बसू लागतो. अशा मुलासाठी मराठीतून गुजराती शिकविणारे पाठ तयार करून ते इंटरनेटद्वारे विकणे, हा शिक्षणाचा आणि उपजीविकेचाही एक मार्ग होऊ शकतो.

ग्राहक थोडे, पण विखुरलेले

असा ग्राहक एका गावात फारसा आढळत नाही. म्हणून छापील पुस्तक काढणाऱ्याला हा व्यवहार परवडत नाही. परंतु हीच गरज हजीऱ्याप्रमाणे उधना, नवसारी, वापी आणि वडोदरा येथील मराठी घरांतही असू शकते. डिजिटल पाठाची दुसरी प्रत काढण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही आणि ती पोहोचविण्यास टपालही लागत नाही. विखुरलेल्या थोड्या ग्राहकांना एकत्र आणणे, हेच या माध्यमाचे खरे सामर्थ्य होय.

फुकट ते विकू नये

पाठ तयार करण्यापूर्वी काय विनामूल्य उपलब्ध आहे, हे पाहावे. पाठ्यपुस्तके मंडळांच्या संकेतस्थळांवर मिळतात. 2017 मध्ये केंद्र शासनाने सुरू केलेल्या ‘दीक्षा’ या मंचावरही पुष्कळ साहित्य आहे. तेच उतरवून विकणे अनुचित आहे आणि पाठ्यपुस्तकातील मजकूर अथवा चित्रे परवानगीवाचून विक्रीच्या पाठात घेतल्यास स्वामित्वहक्काचा भंगही होतो. लिपी मात्र कोणाच्या मालकीची नसते. आपली उदाहरणे आणि आपले स्पष्टीकरण, एवढेच विक्रीचे भांडवल असावे.

मराठी मुलाला नेमके कोठे अडते, हे ज्याला ठाऊक आहे त्याचाच पाठ उपयोगी पडतो. गुजराती लिपीत शिरोरेखा नसते. ग, घ, प, म, न, व यांची शिरोरेखा काढली की अक्षर ओळखीचे वाटते. क, ख, च, ज, फ, ब यांचे वळण मात्र स्वतंत्रपणे शिकवावे लागते. गुजराती पाचचा आकडा मराठी मुलाला ‘प’ वाटतो. शब्दांतही अशीच गंमत आहे. गुजरातीत ‘नवरो’ म्हणजे रिकामा, मोकळा माणूस. ‘केरी’ म्हणजे केवळ कच्ची कैरी नव्हे, तर आंबा. उलट तीन लिंगांची व्यवस्था दोन्ही भाषांत असल्याने मराठी मुलाला हिंदीपेक्षा गुजराती व्याकरण काही अंशी जवळचे वाटते. सर्वांसाठी लिहिलेल्या पुस्तकात या गोष्टींना जागा मिळणे कठीण असते.

पाठाचे स्वरूप आणि किंमत

पालकांचा मोबाईल साधा असतो आणि तो रात्रपाळीनंतरच मुलाच्या हाती येतो, हे गृहीत धरावे. पाच ते सात मिनिटांचे ध्वनिमुद्रण आणि छापून घेता येईल असे एक पानी लेखनपत्रक, एवढा पाठ पुरे. फाईल लहान असावी. आरंभीचे तीन पाठ विनामूल्य द्यावेत आणि चार-पाच मुलांवर त्यांची परीक्षा घेऊनच पुढील पाठ रचावेत.

हिशेब आधी मांडावा. समजा, तीस पाठांना प्रत्येकी तीन तास लागले, म्हणजे एकूण नव्वद तास झाले. शंभर कुटुंबांनी दीडशे रुपयांस संच घेतला तर 15,000 रुपये येतील. खर्चाचे 3,000 वजा जाता 12,000 उरतात. म्हणजे तासाला सुमारे 133 रुपये पडतात. ही कमाई मोठी नव्हे. मात्र पुढील वर्षी तेच पाठ किरकोळ दुरुस्तीनंतर पुन्हा विकता येतात. पैसे यूपीआयद्वारे घ्यावेत आणि प्रत्येक रकमेची पावती द्यावी.

एकाने घेतलेली फाईल पाच जणांकडे जाईल, ही भीती खरी आहे. तिच्यावर कुलूप हा खात्रीचा उपाय नाही. मुलाने लिहिलेले पान पाहून चूक दाखविणे, ही सेवा संचासोबत द्यावी. फाईल पुढे पाठविता येते. शिक्षकाचे लक्ष पुढे पाठविता येत नाही. मुलाचे छायाचित्र अथवा आवाज मात्र पालकांच्या संमतीवाचून घेऊ नये.

शिक्षकांनी घ्यावयाची दक्षता

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम 28 अन्वये शिक्षकांना खाजगी शिकवणीस मनाई आहे. म्हणून सेवेत असलेल्या शिक्षकांनी लेखी परवानगीवाचून अशा विक्रीत पडू नये. निवृत्त शिक्षक आणि दोन्ही भाषा जाणणाऱ्या सुशिक्षित गृहिणी यांना हे काम अधिक सोयीचे आहे. आपल्याच वर्गातील पालकांना संच घेण्याचा आग्रह करणे तर सर्वथा वर्ज्य होय.

ज्यांना दीडशे रुपयेही जड जातात, त्यांचा विचार आधी झाला पाहिजे. प्रत्येक शाळेस एक संच विनामूल्य द्यावा. वर्गात तो सर्वांना ऐकविता येईल. पाठ विकले गेले की नाही, याची कसोटी पैशांत लागेल. ते उपयोगी पडले की नाही, हे मात्र वर्गात गप्प बसणारा मुलगा फळ्यावरील ओळ मोठ्याने वाचू लागला, तरच कळेल.